पोळी आपली, भूक त्यांची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतरची सारी वर्षे पोळपाट-लाटणे, मुलांच्या शाळा आणि सासूबाईंचे पथ्यपाणी यांत गेली. तेव्हा माझ्याकडून मोठ्या विचारांची अपेक्षा करू नये. घरात बोलते तसेच इथे बोलणार आहे.

चिटणीसबाईंनी मला विषयाची चिठ्ठी पाठवली. तिच्यावर लिहिले होते, "कामाच्या ठिकाणी सकारात्मक दृष्टिकोन व ग्राहकाभिमुखता." वाचता वाचताच मला धाप लागली. धाकटी मुलगी कॉलेजात वाणिज्य शाखेला आहे. तिला विचारले. ती म्हणाली, "अगं आई, काम मनापासून करायचे आणि गिऱ्हाइकाची गरज आधी बघायची, एवढेच." मी म्हटले, "मग एवढेच लिहायला चिटणीसबाईंना काय झाले होते?" (चिटणीसबाईंनी रागावू नये. त्या माझ्या शेजारीणच आहेत.)

हा विषय मोठ्या कचेऱ्यांतला, बँकांतला वाटतो. पण आपल्या मंडळाचे पोळी-भाजी केंद्र हेही कामाचे ठिकाणच आहे. तिथे चौदा जणी पहाटेपासून राबतात. कोणाच्या मुलाची फी त्या पैशातून जाते, कोणाच्या नवऱ्याचे औषध येते, कोणी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक हातात धरले आहे. आणि गेल्या पावसाळ्यापासून आपल्या रोजच्या चारशे पोळ्यांच्या अडीचशे झाल्या आहेत, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात कार्यकारी मंडळापुढे एक सूचना यायची आहे. नाक्यावर स्वस्त डबेवाले आले, फोनवरून घरबसल्या जेवण येऊ लागले, तेव्हा आपणही दुसऱ्या प्रतीचा एक स्वस्त डबा काढावा, अशी ती सूचना आहे. मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. चौदा घरांची चूल चालू राहावी हीच त्यांची तळमळ आहे. तरीही मला त्या सूचनेविषयी थोडे वेगळे सांगावयाचे आहे. त्यासाठीच हा विषय मला बरा वाटला.

पहिली गोष्ट ही की, गिऱ्हाईक म्हणजे कोण हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण बायका जन्मभर गिऱ्हाईकच आहोत. मंडईत वांगी हातात घेऊन दाबून बघणाऱ्या आपणच. तांदूळ तळहातावर घेऊन त्यातला खडा शोधणाऱ्या आपणच. वाण्याच्या तराजूचा काटा कुठे थांबतो याच्यावर आपला डोळा असतो आणि तो दुसरीकडे बघतो आहे असे वाटले तर आपण जास्तच बघतो. १९७२ साली महागाई भडकली तेव्हा मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. माझ्या सासूबाई त्या मोर्च्याच्या गोष्टी अजून सांगतात. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या घरांनी गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र घ्यावे, चोख माल रास्त भावात घरात यावा, अशी तिची पद्धत. त्या कामातही बायकाच मोठ्या संख्येने पुढे आल्या. १९८६ साली ग्राहकाच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. सांगायचे एवढेच की गिऱ्हाइकाच्या बाजूने आपण पुष्कळ झगडलो आहोत.

आता आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो आहोत. काल जे लाटणे महागाईच्या नावाने उगारले, तेच आज विकावयाच्या पोळीवर फिरते आहे. तेव्हा गिऱ्हाईक असताना आपल्याला काय खटकत होते, ते आठवले तरी अर्धा अभ्यास झाला. मला विचाराल तर मी दोन वाण्यांची उदाहरणे देईन. एक वाणी आमच्या घरापासून जवळ होता आणि किलोमागे रुपया दोन रुपये कमीही घेत असे. दुसरा लांब होता. तरी आमच्या आळीतल्या बायका लांबच्याकडे जात. का? तो म्हणे, "वहिनी, आज तूरडाळ नेऊ नका, या पोत्याची डाळ शिजायला हट्टी आहे. परवा नवी येईल." त्या दिवशी त्याची विक्री बुडाली खरी, पण पुढच्या दहा वर्षांची त्याने त्या एका वाक्यात बांधून घेतली. जवळचा वाणी वाईट नव्हता. पण त्याच्याकडून आणलेली डाळ शिजेल की नाही याची धाकधूक कुकरची शिटी होईपर्यंत राहायची. गिऱ्हाईक पैसे देते ते वस्तूचे देते, आणि त्याबरोबर निश्चिंतीचेही देते.

दुसऱ्या प्रतीच्या डब्याचा विचार मी याच नजरेने करते. इथे मला लिज्जत पापडाची हकिकत सांगावीशी वाटते. पापड आपल्या सगळ्यांच्या घरी येतो, पण तो कसा सुरू झाला हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. भांडवल काय, तर उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल.

त्या बायकांनीही सुरुवातीला दोन प्रतींचे पापड केले होते. एक चांगला आणि एक हलका, स्वस्त विकण्यासाठी. त्यांना सल्ला देणारे छगनबापा पारेख म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की पापड एकाच प्रतीचा करा आणि त्या प्रतीत कधी तडजोड करू नका. बायकांनी ते ऐकले. पहिल्याच पावसाळ्यात ऊन नाही म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवून ते वाळवायचे. काम चालू राहिले. अडचण आली तेव्हा त्यांनी पापडाची प्रत उतरवली नाही, वाळवण्याची रीत बदलली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक बहिणी काम करतात. सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, तिथे वजन आणि तपासणी व्हायची, असा त्यांचा शिरस्ता आहे. एवढ्या हातांनी लाटलेला पापड, पण पाकीट कुठलेही फोडा, चव तीच.

आपल्याकडे चौदाच हात-जोड्या आहेत. त्यांना एका सकाळी दोन प्रकारच्या पोळ्या लाटायला लावल्या तर काय होईल? चांगल्या पोळीला चांगली कणीक, हलक्या पोळीला जाडीभरडी. चांगल्या भाजीला ताजे तेल, हलक्या भाजीला कालचे उरलेले. घाईच्या वेळी कुठले पातेले कुठल्या डब्यात रिकामे झाले हे कोणाच्या लक्षात राहणार? हाताला दोन वळणे लावली की वाईट वळण आधी अंगवळणी पडते, हे आपण मुलांच्या अक्षरावरून ओळखतो. आणि स्वस्त डबा घेणारा मनुष्य कोण असतो? बहुधा ज्याची मिळकत कमी, ज्याचे पोट त्याच डब्यावर अवलंबून, असाच. त्याला आपण कालचे तेल घालणार का?

मग परवडत नाही त्याने काय करावे, असे तुम्ही विचाराल आणि ते विचारणे रास्त आहे. माझी सूचना अशी की आपण अर्धा डबा काढावा. पूर्ण डब्यात चार पोळ्या, भाजी, आमटी, भात असेल तर अर्ध्यात दोन पोळ्या आणि भाजी. किंमत निम्मी, प्रत तीच. विद्यार्थ्याला, एकट्या म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा तेवढेच हवे असते. स्वस्त करावयाचे तर माप कमी करून करावे, आणि ते सांगून करावे.

आता दुसरी गोष्ट. आपली गिऱ्हाइके गेली कुठे, याचा शोध घेण्याचे काम श्रावणात माझ्याकडे आणि आणखी दोघींकडे सोपवले होते. आम्ही वहीतली नावे काढून घरोघर गेलो. मला वाटले होते, सगळे म्हणतील की नाक्यावर स्वस्त मिळते. तसे म्हणणारे निघाले, पण थोडे. एक बाई म्हणाल्या, "तुमची पोळी सोमवारी कापसासारखी आणि शनिवारी चामड्यासारखी. पाहुणे यायचे असले की मला धीर होत नाही." एका ताईंनी सांगितले की अकरा ते बारा फोन कोणी उचलत नाही आणि उचलला तर 'थांबा हां' म्हणून तसाच ठेवून देतात. एका गृहस्थांनी भाजीत मीठ जास्त झाल्याचे केंद्रावर येऊन सांगितले होते, त्यांना उत्तर मिळाले, "बाकीच्यांनी तर काही म्हटले नाही." ते हसतच आम्हाला म्हणाले, "वहिनी, मी काही भांडायला आलो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून यायचे मात्र बंद केले."

या सगळ्यांत मला विशेष वाटले ते एका निवृत्त गुरुजींचे. वय ऐंशीच्या घरात, एकटे राहतात. त्यांनी डबा का बंद केला हे ते सांगेनात. चहा झाला, गप्पा झाल्या, निघताना हळूच म्हणाले, "पोळी चांगली असते हो. पण मी दोन दुपारी खातो आणि दोन रात्री ठेवतो. रात्रीपर्यंत ती वातड होते, आणि माझ्या कवळीला ते झेपत नाही. आता एका म्हाताऱ्यासाठी तुम्हाला काय त्रास द्यावा?" आम्ही परत आल्यावर पोळीचे काम बघणाऱ्या मावशींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "एवढेच ना?" त्यांनी गुरुजींच्या चार पोळ्यांची कणीक कोमट पाण्यात थोडी सैल भिजवली, तेलाचा हात जरा जास्त लावून अर्धा तास झाकून ठेवली, तव्यावर फार वेळ न ठेवता भाजली आणि गरम गरम डब्यात कोंबण्याऐवजी आधी जाळीवर वाफ जाऊ देऊन मग सुती फडक्यात गुंडाळली. रात्री गुरुजींनी स्वतः फोन केला. तो डबा पुन्हा सुरू झाला. गंमत अशी की त्यानंतर मावशींनी सगळ्याच पोळ्या तशा करायला घेतल्या, कारण डबा दुपारी नेऊन रात्री खाणारे पुष्कळ निघाले. कोणी तोंडाने बोललेच नव्हते.

यावरून मी एवढे शिकले की तक्रार करणारे गिऱ्हाईक अजून आपले असते. त्याला आपल्याकडेच यावयाचे आहे, म्हणून तर ते बोलते. गप्प बसणारे निघून जाते. घरात सुद्धा सून बोलते तोवर बरे असते, ती अबोल झाली की सासूने घाबरावे. म्हणून कोणी मीठ जास्त म्हटले तर आधी "बरे झाले सांगितलेत" म्हणावे. कारण नंतर सांगावे, आणि विचारले तरच सांगावे. शक्य असेल तर भाजी बदलून द्यावी. त्या दिवशीच्या तारखेखाली वहीत लिहून ठेवावे. वही कोणाला दोष देण्यासाठी नको. शनिवारीच पोळी का बिघडते हे त्या वहीवरून कळेल. आम्ही बघितले तेव्हा कळले की शुक्रवारी गिरणीला सुट्टी असते आणि शनिवारी कणीक शिळ्या दळणाची, चाळही वेगळी. तेव्हा दळण गुरुवारी जास्त आणून नीट झाकून ठेवायचे ठरले आणि शनिवारची पोळी ठिकाणावर आली.

तिसरी गोष्ट 'सकारात्मक' या शब्दाची. मुलीने मला सांगितले की हल्ली दुकानांत, कचेऱ्यांत नोकरांना सतत हसतमुख राहायला शिकवतात. हसतमुख असणे चांगलेच. जिभेवर साखर असलेल्या बाईचा ताकही खपते, असे आमची आजी म्हणे. पण भगिनींनो, जिचे मूल रात्रभर तापाने फणफणले आहे तिने पहाटे पाच वाजता येऊन गिऱ्हाइकापुढे हसत उभे राहावे असे सांगणे मला तरी जमणार नाही. मला वाटते, कामातले चांगले मन म्हणजे ओठांवरचे हसू एवढेच नसावे. समोरच्याची भूक आपल्याला दिसावी, आपण केलेले कोणाच्या तरी तोंडात जाणार आहे याची आठवण राहावी, आणि एकीचा हात जड झाला तर दुसरीने न बोलता तो भार उचलावा. आपल्या केंद्रात मध्यंतरी एक चांगली पद्धत पडली आहे. ज्या दिवशी जिचे मन ठिकाणावर नसेल ती सरळ सांगते, "आज मला टेबलावर बसवू नका." तिला लाटायला किंवा निवडायला देतात. पोळपाटावर रडू आले तरी कोणाचे बिघडत नाही, उलट दोन पोळ्या लाटून झाल्या की मन हलके होते. हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत; आपणच शोधून काढले आहे.

मुंबईचे डबेवाले जगभर नावाजले गेले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी तो उद्योग सुरू केला असे सांगतात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतली माणसे. पुष्कळांचे शिक्षण माझ्याएवढे किंवा माझ्याहून कमी. डब्याच्या झाकणावर रंगाची, अक्षरांची, आकड्यांची खूण असते, तेवढ्यावर घरचा डबा लोकलमधून नेमक्या माणसाच्या टेबलावर जातो. २०२० साली टाळेबंदीत लोकल बंद पडल्या आणि त्यांच्या पोटावर मोठा घाला आला. कित्येक गावी परतले. पण त्यांच्या कामाविषयी मला जे महत्त्वाचे वाटते ते हे की एका टोळीतले लोक मिळकत आपसांत वाटून घेतात. साहेब वेगळा आणि हमाल वेगळा असे नसते. लिज्जतमध्येही काम करणारी प्रत्येक बाई 'बहीण' असते, मालकीण कोणी एक नसते. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेही त्यांनी सावकाराच्या दारात ओशाळे उभे राहू नये म्हणून. ज्या कामात आपल्याला मान आहे ते काम मनुष्य मनापासून करतो. जिला कामावर कोणी 'जेवलीस का' म्हणून विचारत नाही, ती गिऱ्हाइकाला काय विचारणार? तेव्हा गिऱ्हाइकाशी गोड बोला असे सांगण्याआधी आपण एकमेकींशी कसे बोलतो ते बघू या. घाईत 'ए' म्हणून हाक मारण्याऐवजी नावाने मारली तर पोळी काही करपत नाही.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगते. गिऱ्हाईक देव असते असे म्हणतात. मी म्हणेन, गिऱ्हाईक माणूस असते. देवाला नैवेद्य कमी पडला तर तो बोलत नाही. माणूस बोलतो, आणि त्याने बोलावे. पण त्यालाही मर्यादा आहे. मध्यंतरी एका गृहस्थांनी उसळ कमी भरली म्हणून आपल्यातल्या एका तरुण सुनेला नको ते शब्द वापरले. खजिनदारबाई पुढे झाल्या. उसळीची वाटी भरून दिली, त्या दिवसाचे पैसे परत केले आणि शांतपणे सांगितले, "उसळ कमी भरली ही आमची चूक, ती आम्ही भरून दिली. आमच्या मुलीला असे बोललात ही तुमची चूक. उद्यापासून डब्याची व्यवस्था दुसरीकडे बघा." आवाज चढला नाही, शिवी नाही, काही नाही. त्या दिवशी एक गिऱ्हाईक गेले आणि चौदाजणींची मान ताठ झाली. चार दिवसांनी त्याच गृहस्थांच्या मातोश्री स्वतः येऊन डबा पुन्हा लावून गेल्या. न्यायला येतात त्या स्वतःच.

तसेच 'नाही' म्हणणेही शिकले पाहिजे. दिवाळीत फराळाची मागणी येते. हात जेवढे आहेत तेवढीच चकली तळून होते. जास्तीची मागणी घेऊन ऐन वसुबारसेला 'उद्या या' म्हणण्यापेक्षा आठ दिवस आधीच "आमची यादी भरली" असे सांगावे. एका भगिनीने गेल्या वर्षी तसे सांगितले तर समोरची बाई म्हणाली, "मग पुढच्या वर्षीसाठी आत्ताच माझे नाव लिहून ठेवा." पाव किलो म्हणजे डब्याचे वजन सोडून पाव किलो. पाकिटावर वजन, किंमत, केल्याची तारीख आणि आपला फोन नंबर असलाच पाहिजे. कायदा सांगतो म्हणून तर खरेच. पण कायदा नसता तरी आपण स्वतः दुकानात पाकीट उलटे करून हेच बघतो ना?

आता मी माझ्या सूचना थोडक्यात सांगते. पुढच्या महिन्याच्या सभेत त्यांचा विचार व्हावा.

एक, दुसऱ्या प्रतीचा डबा न काढता अर्धा डबा काढावा.

दोन, अकरा ते एक फोनवर एकच बाई असावी. तिच्याकडे त्या वेळेत दुसरे काम नसावे. मागणी ऐकल्यावर ती परत वाचून दाखवावी, म्हणजे 'तीन' चे 'तेरा' होत नाहीत.

तीन, नवे गिऱ्हाईक लागले की आठ दिवसांनी त्याला आपण होऊन विचारावे: तिखट कसे झाले, पोळी किती वेळाने खाता, घरी कोणाला मधुमेह आहे का, उपवास कुठले धरता. उत्तर नावापुढे वहीत लिहावे. जुन्या खानावळवाल्या बायका हे डोक्यात ठेवत. आपण वहीत ठेवू.

चार, ही सूचना ऐकून काहीजणी हसतील. आपल्यापैकी प्रत्येकीने आठवड्यातून एकदा आपलाच डबा पैसे देऊन विकत घ्यावा, घरी न्यावा आणि ताजा न खाता रात्री आठ वाजता उघडून खावा. तव्यावरची गरम पोळी सगळ्यांनाच गोड लागते. आपली पोळी आठ तासांनी कशी लागते हे आपल्याला चाखल्याशिवाय कळणार नाही, आणि गिऱ्हाईक तीच खाते. गेले दोन महिने आम्ही पाचजणी हे करतो आहोत. पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की आमटीत डबा भरताना घातलेली कोथिंबीर रात्रीपर्यंत काळी पडते आणि वास धरते. ती आता वेगळ्या पुडीत देतो.

भगिनींनो, अडीचशेच्या पोळ्या आता तीनशे दहावर आल्या आहेत. चारशे अजून दूर आहेत आणि त्या होतीलच असे मी छातीठोकपणे सांगत नाही. नाक्यावरचा डबा स्वस्तच राहणार, फोनवरचे जेवण झटपटच येणार. आपल्याजवळ त्यांच्याएवढे भांडवल नाही. पण आपला डबा कोण खातो, किती वाजता खातो, त्याला दात आहेत की कवळी आहे, हे आपल्याला ठाऊक होऊ शकते, कारण ती सगळी आपल्याच आळीतली माणसे आहेत. ते ठाऊक करून घ्यायला भांडवल लागत नाही, चार पावले चालून जावे लागते.

आपल्या मंडळाला आणखी एक वर्ष पूर्ण झाले. ज्यांनी हे रोपटे लावले त्यांतल्या काही वडीलधाऱ्या आज पहिल्या ओळीत बसल्या आहेत, त्यांना मी वाकून नमस्कार करते.  बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास घरचीच समजून सांभाळून घ्यावे. चहा निवतो आहे, तेव्हा माझे चार शब्द इथेच पुरे करते.